फुकट डावाचा ताळेबंद

‘मामा, यात आपलं काही जात नाही. फुकट आहे.’

२०२०च्या पावसाळ्यात, टाळेबंदीमुळे सगळेच घरात अडकून पडले होते तेव्हा, माझ्या भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरून हे वाक्य उच्चारले. त्याच्या खोलीतले सोबती आपापल्या गावी निघून गेले होते, म्हणून तो आमच्याकडे राहायला आला होता. मोबाइलच्या पडद्यावर हिरवे टेबल होते, भोवती नऊ खुर्च्या होत्या आणि रात्री नऊ वाजता सुरू होणाऱ्या पोकरच्या स्पर्धेची जाहिरात होती. प्रवेशशुल्क शून्य. बक्षिसे मात्र खऱ्या रुपयांत.

बँकेत उभे आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानाला ‘फुकट’ हा शब्द खटकतो. जे फुकट म्हणून दिले जाते त्याचा खर्च कुठल्या तरी खात्यावर नावे पडलेला असतोच; आपल्याला ते खातेपान दिसत नाही इतकेच. पण मी कादंबऱ्याही लिहितो, आणि कादंबरीकाराला माणसे बघण्याची खोड असते. अठराशे-दोन हजार अनोळखी माणसे रोज रात्री एकाच वेळी पत्ते खेळायला बसतात, हे दृश्य मला सोडवेना. मी बसलो. चार महिन्यांत ६३ स्पर्धा खेळलो आणि जुन्या सवयीने प्रत्येक स्पर्धेची नोंद वहीत केली.

ती वही आज पुन्हा काढण्याचे कारण ऑगस्ट २०२५ मध्ये घडले. संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधीचा नवा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने सरसकट निषिद्ध ठरवले. मोठमोठ्या कंपन्यांनी काही दिवसांतच आपले पैशांचे डाव गुंडाळले, आणि त्यांतल्या कित्येकांनी ‘आता फुकट खेळा’ अशी पाटी लावली. म्हणजे काल जे दुकानाचे प्रवेशद्वार होते, तेच आज दुकान झाले. अशा वेळी हे फुकट डाव कसे जिंकतात आणि जिंकून हाती काय लागते, याचा हिशेब मांडायला हवा असे मला वाटते.

खेळ आहे तरी कसा

आपल्याकडे गौरीच्या जागरणाला किंवा दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्यांना पोकर समजायला वेळ लागत नाही. प्रत्येकाला दोन पाने बंद मिळतात. मध्ये पाच पाने सर्वांसाठी मिळून उघडली जातात: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून जो उत्तम पाच पानांचा संच जुळवील, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर बोली असते. पटली नाही तर पाने टाकून ‘पॅक’ होता येते. दर डावाला दोन खेळाडूंना आळीपाळीने सक्तीची रक्कम टाकावी लागते. तिला ‘ब्लाइंड’ म्हणतात. तीन पत्तीतल्या न बघता खेळण्याच्या ब्लाइंडशी तिची गल्लत करू नये.

स्पर्धेत सर्वांना सारख्या चिप्स मिळतात. त्या संपल्या की खेळाडू बाहेर. सक्तीची रक्कम ठरावीक मिनिटांनी वाढत जाते, म्हणून कुणालाही नुसते बसून राहता येत नाही. जेथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत त्या स्पर्धेला ‘फ्रीरोल’ असे नाव आहे. हा प्रकार भारतातला नव्हे. अमेरिका-युरोपातल्या पोकरच्या संकेतस्थळांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी तो रुळवला आणि आपल्याकडच्या कंपन्यांनी तो जसाच्या तसा उचलला.

पहिला अर्धा तास

फुकट स्पर्धेचा पहिला अर्धा तास म्हणजे लग्नाच्या पंगतीत पहिल्या वाढपाला उडणारी झुंबड. कुणाचेच काही जात नसल्याने हाती दुर्री-सत्ती असतानाही लोक साऱ्या चिप्स एकदम पुढे ढकलतात. याला ‘ऑल-इन’ म्हणतात. दहा मिनिटांत शेकडो खेळाडू बाद होतात आणि जे उरतात त्यांच्यापुढे ढीग जमतात. तो ढीग बघून नव्या माणसाचेही हात शिवशिवू लागतात.

येथेच पहिला धडा आहे. फुकट डाव जिंकायचा असेल तर तो फुकट आहे हे विसरले पाहिजे. हातातली चिप स्वतःच्या खिशातून आलेली आहे असे समजून जो खेळतो, तो निम्मी बाजी सुरुवातीलाच मारतो. कारण उरलेले बहुतेक जण दुसऱ्याच्या पैशाने खेळल्यासारखे खेळत असतात.

आकडे बघा. दोन एक्के ही पोकरमधली सर्वोत्तम सुरुवात. ती २२१ डावांतून सरासरीने एकदा येते. तासाला साठ डाव धरले तरी पावणेचार तासांतून एकदा. एकाच प्रतिस्पर्ध्याने वाटेल ती पाने घेऊन सामना केला तर हे एक्के शंभरांतून सुमारे ८५ वेळा जिंकतात. समोर तीन जण आले तर हेच प्रमाण ६४वर येते. पाच जण आले तर निम्म्याच्याही किंचित खाली. म्हणून शहाणा खेळाडू चांगली पाने आल्यावर लाजत नाही. एवढी मोठी बोली लावतो की मागे एक-दोघेच राहावेत. आणि चांगली पाने नसतील तेव्हा मुकाट्याने पॅक होतो. दहापैकी आठ वेळा झाला तरी त्यात कमीपणा मानत नाही.

दुसरे असे की या टप्प्यावर थाप मारून उपयोग नसतो. थाप चालायला समोरचा माणूस विचार करणारा लागतो. ज्याला हरण्याची भीती नाही त्याला घाबरवणार कशाने? माझ्या वहीतल्या पहिल्या १२ स्पर्धांपैकी नऊंमध्ये मी याच चुकीने गेलो. पोकरविषयी दोन गोष्टी वाचून मोठ्या ऐटीत थापा मारत होतो आणि समोरचा कुणी दुक्कलीवर मला घरी पाठवत होता.

मधला पल्ला आणि काठ

तासाभराने गर्दी ओसरते आणि खरा खेळ सुरू होतो. आता शत्रू बदलतो. समजा, सुरुवातीला १,५०० चिप्स मिळाल्या आणि मोठी सक्तीची रक्कम २० होती. म्हणजे अशा ७५ रकमा आपल्या गाठीशी होत्या. ती रक्कम वाढत २०० झाली की त्याच १,५०० चिप्समध्ये जेमतेम साडेसात रकमा उरतात. एकही चिप हरलेली नाही, तरी माणूस गरीब झाला. महागाई म्हणजे काय, हे उशीखाली नोटा ठेवणाऱ्या ग्राहकांना काउंटरवरून समजावताना माझा घसा बसत असे. हा खेळ ते दहा मिनिटांत शिकवतो.

म्हणून पहिल्या टप्प्यातला संयम येथे तसाच चालवला तर तो आळस ठरतो. आता सक्तीच्या रकमा जिंकत राहणे भाग असते. त्यासाठी बसण्याची जागा पाहायची. ज्याची बोली शेवटी येते त्याला आधीच्या सर्वांचे इरादे कळलेले असतात. पुढचे सगळे पॅक झाले असतील तर मध्यम पानांवरही बोली लावून ती रक्कम उचलावी. आपल्याकडे दहाहून कमी रकमा उरल्या तर मात्र छोट्या बोलीत चिप्स झिजवू नयेत. एक तर पॅक व्हावे, नाही तर सगळे एकदम लावावे. आणि हा निर्णय गंगाजळी पूर्ण आटण्याआधी घ्यावा. आजारी उद्योगाला शेवटच्या रुपयापर्यंत थांबून मग कर्ज मागायला येणारे उद्योजक मी पुष्कळ पाहिले. तोवर त्यांच्या शब्दाला वजन उरलेले नसे.

बक्षिसांच्या काठावर माणसांचे स्वभाव उघडे पडतात. समजा, पहिल्या दोनशे जणांना बक्षीस आहे आणि २१० उरले आहेत. काल रात्री बेफिकीर असलेला माणूस आता दहा रुपयांच्या शेवटच्या बक्षिसासाठी श्वास रोखून बसतो, चांगली पानेही टाकून देतो. ज्याच्याकडे मोठा ढीग आहे त्याने याच वेळी पुढे सरसावावे. कारण बक्षिसांचा मोठा वाटा पहिल्या तीन-चार जणांतच वाटला जातो, तळाला नुसते शिंतोडे असतात.

पण सगळ्या स्पर्धा सारख्या नसतात. काही फुकट स्पर्धांत पैशांऐवजी पुढच्या मोठ्या स्पर्धेची तिकिटे असतात आणि ती सारखीच असतात. दहा तिकिटे आहेत, अकरा जण उरले आहेत आणि आपला ढीग मोठा आहे. अशा वेळी हाती दोन एक्के आले तरी टाकून देणे शहाणपणाचे ठरू शकते. पहिल्याला आणि दहाव्याला एकच तिकीट मिळणार असेल, तर उगाच धोका कशाला पत्करायचा? डाव मांडण्याआधी बक्षिसे कशी वाटली जाणार हे वाचावे, हा नियम कर्जाच्या करारालाही तितकाच लागू आहे.

निर्णय आणि निकाल

या खेळात सर्वांत अवघड गोष्ट पानांची नाही, मनाची आहे. समजा, तुम्ही प्रत्येक वेळी अगदी योग्य क्षणी, जिंकण्याची शक्यता ८० टक्के असताना सगळे लावले. असे सहा वेळा करावे लागले, तर सहाही वेळा तरून जाण्याची शक्यता किती? सव्वीस टक्के. म्हणजे काहीही न चुकता चारांतून तीन वेळा तुम्ही बाहेर पडणार. ज्याला हे पचत नाही तो चिडतो, पुढच्या स्पर्धेत सूड घेतल्यासारखा खेळतो आणि दोन्ही घालवतो.

बँकेत हिशेब तपासनीस येत तेव्हा ते थकलेले कर्ज घेऊन आधी एक गोष्ट बघत: मंजूर करताना कागद नीट पाहिले होते का? नीट पाहून दिलेले कर्जही बुडते, आणि डोळे झाकून दिलेले कर्जही कधी कधी वेळेवर फिटते. पहिल्यात अधिकाऱ्याचा दोष नसतो, दुसऱ्यात अधिकाऱ्याचे कौतुक नसते. निकालावरून निर्णयाची किंमत करायची नाही, ही शिस्त अंगी बाणायला मला नोकरीची दहा वर्षे लागली. पोकरमध्ये चांगले खेळणाऱ्यांचे सारे मर्म येथेच आहे. हरलेला डाव ते पुन्हा आठवतात, आपण चुकलो की नशीब चुकले हे तपासतात आणि झोपायला जातात.

शून्यापासून

असे खेळून कुणी काही मिळवले का? मिळवले आहे. नॉर्वेची आनेट ओब्रेस्टाड पंधराव्या वर्षी फुकट स्पर्धांतून खेळू लागली. स्वतःच्या खिशातून तिने पैसे भरलेच नाहीत, असे तिच्याविषयी सांगितले जाते. २००७ मध्ये लंडनला झालेल्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोप’ची मुख्य स्पर्धा तिने आपल्या एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी जिंकली आणि दहा लाख पौंड मिळवले. ही कथा चमकदार आहे. पण पंधरा वर्षांची मुलगी अशा टेबलावर सहज बसू शकली, हेही तिच्यात आहे. आईबापांनी दोन्ही वाचावे.

दुसरे उदाहरण क्रिस फर्ग्युसन यांचे. २००० सालचे हे विश्वविजेते. २००६ मध्ये त्यांनी पैज घेतली की एक पैसाही न भरता, फुकट स्पर्धांपासून सुरुवात करून दहा हजार डॉलर करून दाखवीन. सुमारे दीड वर्षात त्यांनी ते केले. सुरुवातीचे कित्येक महिने कमाई अशी नव्हतीच. मिळालेले एक-दोन डॉलर पुन्हा पुन्हा शून्यावर येत. त्यांचे नियम एखाद्या जुन्या सावकाराला शोभावेत असे होते: एकूण गंगाजळीच्या पाच टक्क्यांहून अधिक रक्कम कोणत्याही एका टेबलावर न्यायची नाही, मोठ्या स्पर्धेला तर दोन टक्क्यांहून जास्त नाही.

मात्र या कथेला पुढचे प्रकरण आहे. ही पैज त्यांनी ‘फुल टिल्ट पोकर’ या संकेतस्थळावर पार पाडली, आणि त्या कंपनीच्या संचालकांत ते स्वतः होते. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकी सरकारने पोकरच्या मोठ्या संकेतस्थळांवर कारवाई केली. फुल टिल्ट जगभरच्या खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती आणि तिच्या बँक खात्यांत सुमारे सहा कोटीच होते, असे सप्टेंबर २०११ मध्ये सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडले. फर्ग्युसन यांनी पुढे आपल्यावरचा दिवाणी दावा चूक कबूल न करता तडजोडीने मिटवला. २०१२ मध्ये ती कंपनी दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि खेळाडूंचे पैसे नंतर टप्प्याटप्प्याने परत मिळू लागले. पण बँकवाल्याच्या नजरेला एवढे दिसतेच: खेळाडूने टक्केवारीने जपलेली गंगाजळी, ठेवी वेगळ्या न राखणाऱ्या पेढीत ठेवलेली होती. टेबलावरची शिस्त टेबलाच्या मालकाला लागू नव्हती.

शेवटचे पान

आता माझी वही. ६३ स्पर्धा, त्यांतल्या ११ मध्ये बक्षीस, एकदा तिसरा क्रमांक. एकूण कमाई ४१२ रुपये. खर्च झालेले तास सुमारे १३०. तासाला सव्वातीन रुपयेही नाहीत. आणि मी वाईट खेळत नव्हतो. शेवटच्या दोन महिन्यांत तर बरा खेळत होतो.

गणित सोपे आहे. दोन हजार खेळाडू आणि पाच हजार रुपयांची बक्षिसे असतील तर माणशी वाट्याला येतात अडीच रुपये. तुम्ही सरासरीच्या चौपट चांगले असाल तर दहा रुपये. कंपनीच्या बाजूने पाहिले तर अडीच रुपयांत तिला एक ग्राहक मिळाला, तोही दोन तास टेबलाला खिळून बसलेला. एक नवा ठेवीदार मिळवायला आमच्या शाखेला याहून कितीतरी जास्त खर्च येई.

माझ्या भाच्याला या वहीतले शेवटचे पान मी दाखवले नाही. तो माझ्याहून चांगला खेळत होता, त्याला तिकिटे मिळत होती, आणि मी कौतुक करत होतो. तिकिटाच्या स्पर्धेत हरल्यावर त्याने पहिले पाचशे रुपये भरले. ते मला ठाऊक होते. पुढचे नव्हते. २०२२च्या अखेरीस माझी धाकटी बहीण नाशिकहून आली. मुलावर दोन लाख पंचवीस हजारांचे वैयक्तिक कर्ज झाल्याचे तिला हप्त्याच्या तगाद्यावरून कळले होते. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, ‘दादा, तू बँकेतला माणूस. तूही तेव्हा खेळत होतास. तुला कळलं नाही?’

मला कळले होते. खेळाचे नियम त्याला शिकवताना उठण्याचा नियम सांगायचा राहिला होता. कर्ज त्याने दीड वर्षात पगारातून फेडले. बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून देणे लागतो.

म्हणून नव्या कायद्याचे मी स्वागत करतो, पण त्याच्या भरवशावर निर्धास्त होत नाही. १८८७च्या मुंबईच्या जुगारबंदी कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले. त्या आधारावर इतकी वर्षे वाद चालला. नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला सारला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण ‘पैशांचा खेळ’ या व्याख्येचा पाया खेळाडूने पैसे भरण्यावर आहे. जेथे तो काहीच भरत नाही तो डाव, शब्दांवरून पाहता, व्याख्येबाहेर राहतो. वेळ, सवय आणि मोह यांना कायद्याच्या पुस्तकात रकाना नाही.

तो रकाना घरात उघडावा लागतो. मूल किंवा नवरा, किंवा निवृत्त आजोबा, फुकट डाव खेळत असतील तर ओरडू नये. शेजारी बसून विचारावे. बक्षीस रोख आहे की पुढच्या डावाचे तिकीट? जिंकलेले पैसे काढण्याआधी काही भरायला सांगतात का? खेळ परदेशातल्या कुठल्या अनोळखी संकेतस्थळावर आहे का? आणि आज किती तास झाले? पहिल्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’कडे झुकत असेल, तर तो डाव फुकट राहिलेला नाही. चौथ्याचे उत्तर वहीत लिहावे. आकडा डोळ्यांपुढे आला की बरेच काम होते.

कायदा झाला त्यानंतर दहाच दिवसांनी गौरीच्या जागरणाला भाचा आमच्याकडे आला होता. रात्री चटईवर डाव मांडला. चिप्सच्या जागी माझ्या पत्नीने डब्यातले चिंचोके काढून दिले, प्रत्येकी पन्नास. भाच्याने पाने बघितली, क्षणभर थांबला आणि खाली ठेवली. ‘मामा, पॅक.’ बाराच्या सुमारास त्याच्यापुढे सर्वांत मोठा ढीग होता. तरी तोच आधी उठला. चिंचोके मोजून डब्यात भरले आणि आईसाठी दूध गरम करायला स्वयंपाकघरात गेला.